कारखान्यातल्या रोबोटला स्वभाव कुठला द्यावा?

काजूगर | सोमवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कुडाळजवळच्या एका काजू कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. आमच्याकडे गेल्या गणपतीआधी रोबोट आला. सिनेमातल्यासारखा चालता-बोलता नव्हे, नुसता एक हात. बायका गर तोलून, पिशवी सील करून पेटी भरतात आणि रोलरवरून पुढे ढकलतात. हा व्हॅक्यूमच्या वाट्या लावून पेटी वरून धरतो, उचलतो आणि पॅलेटवर रचतो. एका पेटीत २२.६८ किलो गर. हा विचित्र आकडा म्हणजे ५० पौंड, निर्यातीचं जुनं माप. आधी हे काम दोन गडी करायचे आणि दोघांच्याही कमरा गेल्या होत्या. त्यामुळे यंत्र आलं याचं मला तरी वाईट वाटलं नाही.

भानगड आवाजाची आहे. ज्यांनी तो बसवला त्यांनी सोबत एक स्क्रीन दिली. तिच्यावर दोन डोळे, आणि मराठीत बोलणारा बाईचा आवाज. अगदी सदाशिव पेठ. "कृपया मागे सरकावे." "पेटी व्यवस्थित ठेवावी." आणि दर ५० पेट्यांनंतर "वा! छान काम केलंत!" पहिला आठवडा सगळ्या हसल्या. नावही ठेवलं, बाबल्या. नाव बाप्याचं, आवाज बाईचा, दशावतारातल्या स्त्रीपार्टीच्या नेमकं उलट. पण दुसऱ्या महिन्यापासून त्या "छान काम केलंत"वर तोंडं वाकडी व्हायला लागली. आमच्याकडे एक वयनी आहेत, ३१ वर्षं काजूत. त्या एक दिवस काम थांबवून म्हणाल्या, "हो कोण माका शाबासकी देणारो? काल इलो नि आज माका शिकयता?"

आता बसवणारे म्हणतात, नवीन अपडेटमध्ये स्वभाव निवडता येतो. तीन आहेत: उत्साही, शांत, कडक. मालकांनी माझ्यावर सोपवलंय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कुठला निवडू? तुमच्यापैकी कुणी रोबोटच्या शेजारी काम केलंय का?

बांगडाफ्राय | सोमवार, रात्री ९:५२
कडक. चहासारखा.

गजालवाला | सोमवार, रात्री १०:०५
ताई, त्येका मालवणी शिकवा. "कृपया मागे सरकावे" म्हटल्यार कोण सरकता? "गो बाय, हात काड थंयसून, मोडात!" असा म्हटल्यान की अख्खी लाईन बाजूक.

चाकरमानी | सोमवार, रात्री १०:३१
गंमत चालू द्या, पण त्या दोन गड्यांचं काय झालं ते ताईंनी लिहिलं नाही. यंत्र गोड बोललं काय, कडू बोललं काय, ते पगार वाचवायला आणलेलं असतं. स्वभाव मालकाला द्या, यंत्राचं आपोआप होईल.

काजूगर | सोमवार, रात्री १०:४४
@चाकरमानी, बरोबर विचारलंत. एकाला बॉयलरला घेतलं, जिथे बी वाफवतात. दुसरा दिवाळीनंतर गोव्याला गेला. त्याला कुणी काढलं नाही, पण थांब असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

रातांबा | मंगळवार, सकाळी ७:१५
मी लोट्याला एका रंगाच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. आमच्याकडे असे दोन हात आहेत, चार वर्षं झाली. आवाज नाही, डोळे नाहीत, काही नाही. तरीही लोक एकाला "तापट" म्हणायचे आणि दुसऱ्याला "म्हातारा". मॉडेल एकच, वर्ष एकच.

कारण शोधलं तेव्हा कळलं की पहिल्याच्या प्रोग्रॅममध्ये वळताना त्वरण जास्त ठेवलेलं होतं. तो थांबायचा आणि झटक्याने फिरायचा. कुणाला लागलं नाही कधी, पण शेजारचा माणूस प्रत्येक वेळी दचकायचा. दिवसातून चारशे वेळा दचकवणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही तापटच म्हणणार. त्वरण कमी केलं, वळायच्या आधी अर्धा सेकंद थांबायला लावलं. पंधरा दिवसांनी एक ऑपरेटर मला म्हणाला, "साहेब, तो सुधारला हो." मी काही बोललो नाही.

तर माझं मत, यंत्राचा स्वभाव म्हणजे त्याची चाल. बाकी सगळा मेकअप. डोळ्यांचं म्हणाल तर तेही कामाचे असू शकतात. रॉडनी ब्रुक्सच्या रिथिंक रोबोटिक्स कंपनीने २०१२ मध्ये बॅक्स्टर नावाचा रोबोट काढला होता, त्याला स्क्रीनवर डोळे होते. हात जिकडे जाणार तिकडे डोळे आधी बघायचे. शेजारच्याला कळायचं की आता इकडे येतोय. लाडिकपणा करायला दिलेले डोळे नव्हते ते. (कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, पण डोळ्यांमुळे नाही.)

ताई, तुमच्या बाबल्याचे डोळे कुठे बघतात?

काजूगर | मंगळवार, सकाळी ७:५८
समोर. पापण्या मिटतो मधूनमधून. हात फिरतो तिकडे बघत नाही.

रातांबा | मंगळवार, सकाळी ८:०२
मग ते काढून टाका. किंवा कुंकू लावा.

बांगडाफ्राय | मंगळवार, सकाळी ८:२०
कुंकवावरून आठवलं, खंडेनवमीला पूजा केलीत की नाही बाबल्याची?

काजूगर | मंगळवार, सकाळी ८:३३
केली ना! झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, एका गड्याने गाऱ्हाणंसुद्धा घातलं. सगळ्या ओरडल्या "व्हय म्हाराजा!" हाराची एक माळ सुटून सुरक्षा सेन्सरसमोर लोंबत राहिली. सुरू करायला गेलो तर बाई बोलते, "कृपया मागे सरकावे." आम्ही मागे. परत "कृपया मागे सरकावे." आणखी मागे. शेवटी सगळी मंडळी दाराबाहेर आणि ही आत एकटी बोलतेय. अर्ध्या तासाने एका पोरीला माळ दिसली.

निळी_खाडी | मंगळवार, दुपारी १:१०
हाहाहा, मेले हसून.

मी मस्कतला नर्स आहे, मूळची गुहागरची. आमच्या हॉस्पिटलात औषधं, चादरी पोचवणारा चाकांचा रोबोट आहे. कपाटाएवढा. वॉर्डात येऊन थांबतो आणि सांगतो की माल आलाय, घ्या. घेतला नाही तर परत सांगतो. परत सांगतो. मी आधी सर्जिकल वॉर्डात होते. तिथे एका हातात सलाईन, दुसऱ्या हातात फोन, आणि हा दारात उभा राहून तेच तेच. खरं सांगते, मी त्याला लाथ मारलेली आहे. एकदा नाही. मग माझी बदली बाळंतिणींच्या वॉर्डात झाली. तिथे सगळ्या त्याच्याशी लाडाने बोलतात, "आला गं आमचा शोन्या." एकीने त्याला टोपरं घातलंय. यंत्र तेच, वाक्यं तीच! पहिल्या दिवशी मला वाटलं ह्या बायका वेड्या आहेत. महिन्याभरात मीही शोन्या म्हणायला लागले.

सुरंगी | मंगळवार, दुपारी ३:२६
निळी_खाडी, तुम्ही जे सांगितलंत त्यावर खरोखर संशोधन झालंय. मी ह्याच विषयात पुण्यात शिकतेय (मूळ वेंगुर्ला), म्हणून राहवलं नाही. बिल्गे मुत्लू आणि जोडी फोर्लिझी यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात असाच पोचवणारा रोबोट पाहिला, २००८ चा निबंध आहे. एकच रोबोट बाळंतिणींच्या विभागात लाडका आणि इतर वैद्यकीय विभागांत नकोसा. कारण कामाच्या लयीत. जिथे परिचारिकांना मधे थांबणं परवडत नव्हतं, तिथे तो त्यांना उद्धट वाटला.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेनिफर गोएट्झ, सारा कीस्लर वगैरे मंडळींनी प्रयोग केले होते. एक रोबोट खेळकर, एक गंभीर, आणि दोघेही लोकांकडून व्यायाम करून घेणार. लोकांना खेळकर जास्त आवडला, पण व्यायाम जास्त वेळ केला तो गंभीर रोबोटबरोबर. पुढे २००३ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की काम गमतीचं असेल तर खेळकर चालतो, कष्टाचं असेल तर गंभीर. म्हणजे "आवडतो" आणि "त्याचं ऐकतो" ह्या दोन वेगळ्या गोष्टी. २२ किलोच्या पेट्या भरणं गंमत नव्हे, त्यामुळे "उत्साही" माझ्या मते बाद.

गुरुजी_निवृत्त | मंगळवार, सायं. ५:४०
३४ वर्षं शाळेत शिकवलं. हे सांगायला कार्नेगी मेलन कशाला? गोष्टी सांगणाऱ्या मास्तरांना मुलं स्नेहसंमेलनात हार घालतात आणि गृहपाठ मात्र छडीवाल्यांचा करून आणतात.

एक विचारतो. माणसाला आपल्यासारख्याच स्वभावाचं यंत्र बरं वाटतं की उलट स्वभावाचं?

सुरंगी | मंगळवार, सायं. ६:०५
गुरुजी, इथे संशोधकांतच जुंपलीय. क्लिफर्ड नास आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये संगणकावर पाहिलं: हुकमी स्वभावाच्या माणसांना हुकमी भाषेचा संगणक आवडला, नमत्या स्वभावाच्यांना नमता. पुढे २००६ मध्ये आयबो ह्या कुत्र्याच्या आकाराच्या रोबोटवर दुसऱ्या गटाने प्रयोग केला तर नेमकं उलट. बोलक्यांना शांत कुत्रा आवडला, शांत माणसांना बोलका.

गुरुजी_निवृत्त | मंगळवार, सायं. ६:११
म्हणजे सोयरीक जुळवण्याइतकंच शास्त्र आहे हे. धन्यवाद.

अवांतर: "रोबोट" शब्द चेक आहे. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकात तो प्रथम आला, सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेकमध्ये "रोबोटा" म्हणजे वेठ, जमीनदाराकडे फुकट राबणं. तेव्हा मराठीत त्याला "वेठ्या" म्हणायला हवं होतं.

चाकरमानी | मंगळवार, रात्री ८:५०
गुरुजींनी मुद्द्याचं सांगितलं. वेठीला कोण कोणाला धरतंय तेवढं बघा म्हणजे झालं. बाकी, नर्सबाईंच्या वॉर्डात माणसं पुरेशी असती तर सर्जिकलवाल्यांनीही टोपरं शिवलं असतं.

निळी_खाडी | मंगळवार, रात्री ९:१५
हे मात्र शंभर टक्के.

तांडेल_मिरकरवाडा | मंगळवार, रात्री १०:२०
आम्ही समुद्रावरची माणसं, आमच्याकडे रोबोट नाहीत. पण स्वभावाचं विचाराल तर आमच्या प्रत्येक नौकेला आहे. माझी आधीची होडी हट्टी होती, वारा डाव्या अंगाने आला की ऐकायची नाही. नवीनवर मासे दाखवणारं यंत्र आहे, ते बोलत नाही, फक्त "टुंग" करतं. पण पोरं त्याला "खोटारडा" म्हणतात. दोनदा त्याच्यावर विसंबून जाळं टाकलं आणि जेलीफिश भरून वर आली. तेव्हापासून पडद्यावर काही दिसलं तरी आधी पाण्याकडे बघतात, पक्षी बघतात. मला वाटतं यंत्र एकदा खोटं ठरलं की मग त्याने कितीही गोड टुंग करू दे.

सोलकढी | बुधवार, सकाळी ११:०२
मालवणला एका हॉटेलात वेटर आहे. नाव लिहीत नाही. शेठने मे महिन्याच्या सीझनला ताटं नेणारा रोबोट आणला, मांजराचं तोंड असलेला. कान चोळले की खूश होतो. पर्यटक नुसते वेडे. पोरं त्याच्या मागे धावतात, आया फोटो काढतात.

सुरमई थाळी किचनमधून मी भरतो, त्याच्या कप्प्यात मी ठेवतो, टेबलाशी पोचला की कप्प्यातून उतरवून पाहुण्यांपुढे मी ठेवतो. पाहुणे "थँक्यू" म्हणतात मांजराला. सोलकढी सांडली तर बघतात माझ्याकडे. एका बाईंनी मला सांगितलं, "जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय." टिप पण कमी झाली. त्याचा स्वभाव फार चांगला आहे हो, काही वाद नाही. त्याच्या चांगल्या स्वभावाचाच मला त्रास होतो.

बांगडाफ्राय | बुधवार, सकाळी ११:१५
माझ्याकडे याच्यावर जोक नाही.

सुरंगी | बुधवार, दुपारी १२:४०
@सोलकढी, जपानमध्ये नागासाकी प्रांतात २०१५ मध्ये रोबोटांनी चालवलेलं हॉटेल निघालं, हेन-ना नावाचं. २०१९ उजाडेपर्यंत २४३ पैकी निम्म्याहून जास्त रोबोट काढून टाकले होते. खोलीत गप्पा मारणारी एक बाहुली होती, ती पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायची आणि "कळलं नाही, परत सांगा" म्हणून त्याला रात्रभर उठवायची. रोबोटांचे घोळ निस्तरायला माणसांचं काम उलट वाढलं होतं. तुमच्या शेठना हे वाचून दाखवा.

सोलकढी | बुधवार, दुपारी १२:५५
शेठ म्हणतील आमच्या मांजराला घोरणं ऐकू येत नाही.

गजालवाला | बुधवार, दुपारी २:१०
माझ्या मालवणी आवाजाचा काय झाला? कोणीच इचारूक नाय.

काजूगर | बुधवार, रात्री ९:३०
गजालवाल्यांनू, विचारलं मी. जेवणाच्या सुट्टीत बायकांना म्हटलं, बाबल्या मालवणी बोलला तर? पोरी टाळ्या पिटायला लागल्या. वयनी म्हणाल्या नको. "आमची भाषा ती मशीन बोलतली, नि मगे येणारो-जाणारो हसतलो." मग कुणी काही बोललं नाही.

दुसरं. सुरंगी आणि रातांबा यांचं वाचून कालपासून आवाज बंदच करून ठेवलाय. फक्त दिवा आणि भोंगा. वाटलं होतं वातावरण निवळेल. थोडं निवळलंही. पण आज तो थांबला तेव्हा वयनी पुन्हा तशाच भडकल्या, आवाज नसताना. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतात, "ह्यां बघ, परत माझ्याच नावान."

रातांबा | बुधवार, रात्री ९:४१
थांबतो तेव्हा स्क्रीनवर काय लिहून येतं?

काजूगर | बुधवार, रात्री ९:४४
"पेटी व्यवस्थित ठेवावी."

रातांबा | बुधवार, रात्री ९:४५
प्रत्येक वेळी?

काजूगर | बुधवार, रात्री ९:५०
हो. आत्ता विचार करतेय तर... हो, कायमच.

रातांबा | बुधवार, रात्री १०:१०
ताई, हा हात किमान सात-आठ कारणांनी थांबू शकतो. पेटी तिरकी आली, वाटीतून हवा गळाली, दाब कमी पडला, लाईट वरखाली झाली, कुणीतरी जवळ आलं, पॅलेट भरलं. आतमध्ये प्रत्येकाचा वेगळा कोड असतो. बसवणाऱ्याने कंटाळा करून सगळ्या कोडांना एकच वाक्य जोडलेलं दिसतंय. उद्या एक करा. वही घ्या, प्रत्येक थांब्याला कोड टिपा. सेटिंगमध्ये "लॉग" म्हणून मिळेल. आणि हेही बघा की ही नोंद जाते कुठे.

काजूगर | गुरुवार, रात्री ८:२५
आज दिवसभरात ११ वेळा थांबला. कोड बघून सांगते: ३ वेळा पेटी खरंच तिरकी होती. १ वेळा लाईट. ७ वेळा वाट्यांतून हवा गळाली. वाट्या उघडून बघितल्या तर आत तांबूस भुकटी. काजूच्या सालपटाची. सोलाईचा विभाग शेजारीच आहे, पंख्याने उडून पेट्यांवर बसते आणि वाटी नीट चिकटत नाही. आठ महिने आम्ही बायकांना पेटी सरळ ठेवा, सरळ ठेवा म्हणून ओरडतोय. मीही ओरडलेय.

आणि नोंद कुठे जाते म्हणालात ना. मालकांच्या मोबाईलवर. रोज संध्याकाळी. प्रत्येक थांब्यापुढे "ऑपरेटरची चूक".

निळी_खाडी | गुरुवार, रात्री ८:३३
अरे देवा. आठ महिने!

चाकरमानी | गुरुवार, रात्री ८:४०
उत्साही, शांत, कडक. चौथा स्वभाव सापडला: चहाडखोर.

सुरंगी | गुरुवार, रात्री ९:१२
मी दोन दिवस खेळकर-गंभीर करत बसले आणि वयनी पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. दर ५० पेट्यांनी तोंडावर शाबासकी आणि संध्याकाळी मागून तक्रार. माणसाने असं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? रातांबा, तुम्हाला नमस्कार.

तांडेल_मिरकरवाडा | गुरुवार, रात्री १०:०५
खोटारडा म्हटलं होतं ना मी.

रातांबा | गुरुवार, रात्री १०:१६
बसवणाऱ्यांना सांगा, प्रत्येक कोडाला वेगळं वाक्य द्या. दोन तासांचं काम आहे, जास्त पैसे मागितले तर मला कळवा. रोलरच्या तोंडाशी एक ब्रश लावा, पेटीची वरची बाजू झाडून निघेल. आणि ते डोळे, परत सांगतो, काढा.

काजूगर | शनिवार, सायं. ७:४५
उशीर झाला लिहायला, काल बसवणारी मुलं आली होती.

"शांत" निवडला. शाबासकी कायमची बंद. वाक्यं बदलून घेतली, तीही बायकांना विचारून. हवा गळाली तर आता म्हणतो, "माझ्या वाटीत धूळ आहे, पुसा." लाईटचं वेगळं, पॅलेटचं वेगळं. पेटी तिरकी असेल तर "पेटी तिरकी आहे" एवढंच. त्याला कुणाची ना नाही. मालकांकडे मी मागच्या आठ महिन्यांच्या कोडांचा कागद घेऊन गेले. ते बराच वेळ कागद बघत बसले, मग ब्रशचा खर्च मंजूर केला. बायकांना मात्र काही बोलले नाहीत. मी सोमवारी परत जाणार आहे.

डोळे काढायला पोरींनी विरोध केला, तेव्हा ते राहिलेत. मुलांनी जमवून दिलंय, आता हात फिरायच्या आधी तिकडे बघतो.

आज दुपारी पहिल्यांदा तो "माझ्या वाटीत धूळ आहे" म्हणाला तेव्हा लाईन गप्प झाली. वयनी फडकं घेऊन उठल्या. "थांब रे बाबल्या, इलंय," म्हणाल्या, आणि पुसता पुसता त्याला इतक्या शिव्या घातल्या की मी इथे लिहू शकत नाही.

गजालवाला | शनिवार, सायं. ७:५८
लिवा लिवा. मालवणी थयसरच इली शेवटी.

चाकरमानी | शनिवार, रात्री ८:३०
छान केलंत ताई. गोव्याला गेलेल्या गड्याचं तेवढं लक्षात असू द्या.

काजूगर | शनिवार, रात्री ८:५२
परवा फोन केला होता त्याला. म्हापशाला एका गोदामात पेट्या उचलतोय. कमरेचं विचारलं, तर म्हणाला पट्टा बांधतो.

बांगडाफ्राय | शनिवार, रात्री ९:०४
ताई, धागा संपत आलाच आहे तर विचारतो, डब्ल्यू-२४० प्रतीचा अख्खा गर किलोला काय भाव पडेल? सभासदांना सवलत?

काजूगर | शनिवार, रात्री ९:१०
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सवलत नाही.